पासष्ट दातांचं चाक

परतूरहून आलेला माणूस. नाव टाकसाळे.
जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आता नाही.
पिशवीतून त्यानं काढला
जुन्या विलायती मोटारसायकलच्या पुढच्या चिमट्याचा दांडा,
बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला.
वरचा नट हरवलेला.

"संभाजीनगरात पाच दुकानं झाली," म्हणाला,
"एकानं बसवला बी. दोन फेरे गेला, चार गेला,
मग सरकंना. त्यानं पान्यावर पाइप चढवला.
मी हात धरला त्याचा."

बरं केलं.

मी एक मिलिमीटरची फणी दांड्याला लावली,
दोन्ही धरले ट्यूबलाइटसमोर.
आमच्या धंद्यात उजेड दिसला की चुकलं.
पहिल्या दातापाशी काळोख, दुसऱ्या, तिसऱ्या,
पाचव्यापाशी केसाएवढी रेघ,
आठव्यापाशी चांगलंच उजाडलेलं.

आट्यामागं फरक केसाच्या चौथ्या हिश्शाचा.
पहिल्या फेऱ्यात तो कुणाला कळत नाही,
सोयरीक जमवणाऱ्यांनाही नाही.
लोखंड उधारी लिहून ठेवतं
आणि सहाव्या फेऱ्याला सगळी एकदम मागतं.

बिलबुकातला कार्बन काढला,
पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा
दांडा त्यावरून फिरवला.
निळ्या रेघा उमटल्या. इंचाची पट्टी ठेवून
टाचणीच्या टोकानं मोजल्या.
टाकसाळेही ओठ हलवत मोजत होते.
त्यांच्या पंचवीस, माझ्या सव्वीस.
परत मोजलं. सव्वीस.

सव्वीसला पासष्ट दातांचं चाक लागतं,
ते माझ्याकडं नाही, असं सांगायला तोंड उघडलं
आणि दिसलं:
बिलांवर वजन म्हणून ठेवलेलं,
मन्नान उस्तादांनी भंगारातून किलोवर आणलेलं.
"कभी तो लगेगा," म्हणाले होते.
ते कभी यायला अकरा वर्षं लागली.
उस्तादांना जाऊन सहा.

वीस, पासष्ट, चाळीस, ऐंशी. चाकं जुळली.
आतल्या आट्याला डोळा चालत नाही, कान लावावा लागतो.
हत्यार नटाच्या पोटात, बाहेर नुसती कुरकुर,
चढावर सायकलची साखळी बोलते तशी.
माझ्या मशिनीचं आट्याचं घड्याळ कधीच मोडलंय,
म्हणून मधे जोड सोडायचा नाही,
गेल्या वाटेनंच उलटं फिरत परत यायचं,
थोडं खोल, पुन्हा पुढं.
अकरा वेळा झालं. बाराव्याला लाईट गेली.

जालन्यात दुपारी लाईट जाणं ही काही बातमी नाही,
पण हत्यार आट्यात अर्ध्यावर होतं.
आधी बटन बंद केलं.
"हातानं फिरत नाही का हे?"
"फिरतं. तुम्ही फिरवा, मी ऐकतो."

त्यांनी बाह्या सारल्या.
अडलेल्या गाईला हात लावत असतील
तसा चक धरला, घाई न करता.
पंखा बंद, मोंढ्यातले हमाल जेवायला गेलेले,
एवढं सामसूम की कीस पडलेला ऐकू यावा.
"थांबा."
"काहून?"
"काही नाही. फिरवा."

नट काढला, तेलाचं बोट फिरवलं,
दांड्यावर ठेवून एक टिचकी मारली.
तो गरगरत आपल्याच वजनानं उतरत गेला
आणि खांद्याला टेकून थांबला.
टाकसाळे काही बोलले नाहीत.
वर चढवला, पुन्हा सोडला. चार वेळा.

"किती द्यायचे?"
मी नटावर पंचानं २६ ठोकत होतो,
पुढच्या कुणाला मोजत बसावं लागू नये म्हणून.
आकडा सांगणार, तेवढ्यात लाईट आली,
पंखा सुरू झाला
आणि टेबलावरची तीन महिन्यांची बिलं
एकामागं एक रस्त्यावर निघाली.
चाक अजून मशिनीतच होतं.